कारवान: माळावरच्या एका कुत्र्याची तीन नावे

बारामतीत आणि भिगवणच्या बाजूला अलीकडे बंगल्यांच्या गेटमागे हस्की दिसू लागला आहे. निळ्या डोळ्यांचा, जाड लोकरीचा, सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला हा कुत्रा एप्रिल-मे महिन्यात फरशीवर पोट टेकून, जीभ बाहेर काढून पडलेला असतो. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, एक आतला मऊ आणि एक बाहेरचा राठ. नॉर्वेचा एल्कहाउंड, फिनलंडचा स्पिट्झ या उत्तरेकडच्या शिकारी कुत्र्यांचीही ठेवण तीच. एल्कहाउंड घनदाट जंगलात मोठ्या सांबरासारख्या एल्कला गाठतो, त्याच्यासमोर भुंकत उभा राहतो आणि शिकारी येईपर्यंत त्याला अडवून धरतो. फिनलंडचा स्पिट्झ झाडावर बसलेल्या पक्ष्याकडे बघून भुंकत राहतो. ज्या मुलखात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, तिथे कुत्र्याचा आवाज हीच शिकाऱ्याची वाट.

आमचा मुलूख नेमका उलटा आहे. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा कोरडा माळ. कुसळी गवत, मधेच बाभळ, बोर, हिवर, आणि क्षितिजापर्यंत अडसर नाही. इथे भुंकून उपयोग नाही, वासावर सावकाश जाऊनही नाही. चिंकारा किंवा ससा उठला तर तो डोळ्यांसमोरच पळतो, आणि त्याला गाठायचे तर त्याच्याइतकेच पळावे लागते. या माळाने स्वतःचा कुत्रा घडवला आणि त्याला तीन नावे मिळाली: कारवान, पश्मी आणि मुधोळ. या तीन नावांचा इतिहास मी इथे सांगणार आहे. त्याबरोबर, ज्यांचे नाव या तिन्हींत नाही त्यांचाही.

आधी कुत्रा कसा आहे ते पाहू. खांद्यापाशी साधारण सव्वादोन ते अडीच फूट उंची. डोके लांब आणि अरुंद, जबडा निमुळता, कान लोंबते. छाती खोल, कारण आत मोठे हृदय आणि फुफ्फुसे. पोट मात्र पाठीला लागलेले. कंबर किंचित कमानदार, शेपटी लांब आणि बारीक. अंगावरचे केस आखूड, चरबी जवळपास नाहीच. शहरातला माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा "याला खायला घालत नाहीत का?" असे विचारतो. पण निरोगी कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. तो पूर्ण वेगात पळतो तेव्हा एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीपासून सुटतात, एकदा अंग ताणलेले असताना आणि एकदा आकसलेले असताना. ग्रेहाउंड, अरबांचा सलुकी, अफगाणांचा ताजी हे सगळे असेच पळतात. नाकापेक्षा डोळ्याने शिकार करणारी ही जात.

पहिले नाव कारवान. हा फारसी शब्द. इंग्रजांनी 'कॅरव्हॅन' तिथूनच उचलला. अर्थ व्यापाऱ्यांचा काफिला. हैदराबादेत गोवळकोंड्याजवळ कारवान नावाची वस्ती आजही आहे. हिऱ्यांच्या व्यापारासाठी येणारे काफिले तिथे उतरत. या काफिल्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान आणि अरबस्तानाकडून सडपातळ शिकारी कुत्रे दख्खनेत आले आणि इथल्या कुत्र्यांत मिसळले, असे बहुतेक जाणकार मानतात. याची बखर कुणी लिहून ठेवलेली नाही, पण कुत्र्याची अंगकाठी आणि त्याचे नाव या दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. 'ताजी' या शब्दाचा प्रवासही तोच आहे. फारसीत ताजी म्हणजे अरबी. दख्खनेत तो शब्द अरबी घोड्याला लागला, अफगाणिस्तानात आणि कझाखस्तानात शिकारी कुत्र्याला. घोडा आणि कुत्रा एकाच बाजारातून, एकाच वाटेने येत होते.

मोगल दरबाराची नोंद तर लेखीच आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या शिकारखान्याचे वर्णन करताना कुत्र्यांचाही उल्लेख केला आहे. अकबराला कुत्रे आवडत, ते तो देशोदेशीहून मागवी, आणि काबूलकडचे, त्यातही हजारा मुलखातले कुत्रे उत्तम मानले जात.

इथे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. मुसलमान असून कुत्र्यावर काय लिहिता? आमच्यात कुत्रा नापाक ना? विचारणारे दोन्ही बाजूंचे असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. कुत्र्याच्या लाळेबद्दल शुद्धतेचे नियम आहेत आणि त्यावर फिकहच्या निरनिराळ्या मजहबांत मतभेदही आहेत. पण कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावराने धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. शिकार, गुरे आणि शेत यांच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे. सूरह कहफमध्ये गुहेत झोपी गेलेल्या श्रद्धावंतांच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये इब्न अल-मर्जुबान नावाच्या लेखकाने, कपडे घालून फिरणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ, या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. अरब बदाऊनी तर सलुकीला तंबूत आपल्या शेजारी जागा दिली. तेव्हा कारवान या नावात आपलेपणा वाटण्यात मला काही विसंगत दिसत नाही.

दुसरे नाव पश्मी. पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शाल त्याच शब्दातून आली. ज्या कारवानच्या कानांवर, पायांच्या मागे आणि शेपटीला लांब रेशमी केसांची झालर असते, तो पश्मी. सलुकीशी त्याचे साम्य एका नजरेत पटते. मराठवाड्यात लातूरच्या बाजूला तो पाळणारे लोक आहेत. हे नाव कुत्र्याच्या रूपावरून पडले. त्यात पारखी व्यापाऱ्याचा डोळा दिसतो.

तिसरे नाव मुधोळ. आज सगळ्यात प्रसिद्ध तेच. मुधोळ हे आता कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गाव, पण १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ते मराठा घोरपडे घराण्याचे संस्थान होते. हे घराणे बहमनी आणि मग आदिलशाही चाकरीतले. घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ल्याचा कडा चढल्यामुळे बहमनी सुलतानाकडून हे नाव मिळाले, अशी घराण्याची परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातले शिकारी लोक वापरत असलेले कुत्रे पाहिले, निवडून त्यांची पैदास केली आणि इंग्लंडच्या भेटीत पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली. तिथून हा 'मुधोळ हाउंड' झाला.

त्यानंतरचा प्रवास सरकारी आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. २०१६ मध्ये काही पिल्ले मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरकडे प्रशिक्षणासाठी गेली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्रे पाळा म्हणून आवाहन केले, त्यातही मुधोळचे नाव होते. श्वानप्रेमींच्या संस्थांत मात्र अजून एकमत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरव्हॅन हाउंड म्हणते, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणते. एकाच कुत्र्याच्या दोन वंशावळी दोन कचेऱ्यांत वेगवेगळ्या नावांनी लिहिल्या जातात.

आता या तिन्ही नावांकडे पुन्हा बघा. कारवानमध्ये व्यापारी आहे. पश्मीमध्ये पारखी आहे. मुधोळमध्ये राजा आहे. पण राजाने हे कुत्रे पहिल्यांदा कुणाकडे पाहिले? त्याच्या मुलखातल्या शिकारी लोकांकडे. काफिला तर निघून गेला होता. त्याने सोडलेली पिल्ले कुणी वाढवली? कुठल्या कुत्रीवर कुठला कुत्रा घालायचा, कुठले पिल्लू ठेवायचे, हे शे-दोनशे वर्षे कुणी ठरवले? ते बेरड होते, वडार होते, धनगर होते, आणि आमच्या बाजूला पारधी होते. पारध म्हणजे शिकार, आणि पारधी हे नाव त्यावरूनच पडले. फासे लावणारे ते फासेपारधी, राजेरजवाड्यांसाठी चित्ते पकडून माणसाळवणारे ते चित्तापारधी. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, बंदूक नव्हती, त्यांच्या घरात मांस येई ते फाश्याने आणि कुत्र्याच्या पायाने. मंद कुत्रा सांभाळणे त्यांना परवडणारे नव्हते. या जातीची निवड अशी भुकेने केली आहे.

दख्खनेत कुत्र्याला मान नव्हता असे नाही. छत्रपती थोरल्या शाहूंच्या खंड्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून धन्याला वाचवले, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. आमच्या शेजारी जेजुरीला खंडोबा शिकारीला निघतो तो घोडा आणि कुत्रा घेऊनच. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात आणि लाकडी कोटंब्यातून प्रसाद खातात. याच देवाला मुसलमान भक्तांनी मल्लूखान म्हटले. म्हणजे देवाच्या आणि राजाच्या पायाशी कुत्र्याला जागा होती. पण खंड्याला पिल्लू असताना कुणी सांभाळले, हे कुठल्या बखरीत नाही.

नाव विसरले गेले हे एक वेळ ठीक. पण पारध्यांना नाव दिले गेले, आणि ते 'गुन्हेगार' असे दिले गेले. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्याखाली अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. पुणे-सोलापूर रस्त्याने इंदापूर ओलांडून पुढे गेले की सोलापूर लागते; तिथल्या सेटलमेंटमध्ये अशा जमातींना काटेरी तारेच्या आत ठेवले जाई. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही नोंद रद्द झाली, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. ज्या काळात मुधोळच्या जोडीचे लंडनमध्ये कौतुक होत होते, त्याच काळात त्या कुत्र्याचे मूळ सांभाळणाऱ्यांसारखे लोक तारेच्या आत हजेरी देत होते. एकाच साम्राज्याने दोघांची दखल घेतली, एकाची नजराणा म्हणून आणि दुसऱ्याची आरोपी म्हणून.

मग माळही बदलला. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दक्षिण पट्ट्यात पाणी आले. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. १९८० मध्ये उजनी धरण झाले आणि भीमेचा काठ पाण्याखाली गेला. या पाण्याने आमच्या पिढ्या शिकल्या, मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. पण उसाच्या फडात कारवान पळू शकत नाही, कारण तिथे त्याला दिसतच नाही. उरलेला माळ सरकारी भाषेत 'पडीक' ठरला आणि त्यावर कधी झाडे लावली गेली, कधी औद्योगिक वसाहत आली.

याच काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. कुत्रे सोडून पाठलाग करणे हेही तिच्यात येते. चिंकारा, काळवीट, लांडगा, घोरपड आणि ससा, सगळ्यांना संरक्षण मिळाले. ते योग्यच झाले. बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ मध्ये मयुरेश्वर अभयारण्य झाले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, चिंकाऱ्यांसाठी. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारे आणि लांडगे आजही दिसतात, आणि वन खात्याने तिथे व बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पण राजाची शिकार बंद झाली तेव्हा त्याच्याजवळ वाडा उरला, कुत्र्याच्या वंशावळीचा कागद उरला. पारध्याची शिकार बंद झाली तेव्हा त्याच्याजवळ फक्त जुना शिक्का उरला. आजही गावात चोरी झाली की आधी पालावर पोलीस जातात. कुत्र्याला जन्मदाखला सहज मिळतो; पारध्याच्या पोराला जातीचा दाखला काढायला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता जो कारवान पाळतो किंवा पाळू इच्छितो, त्याने काय करावे? ही माहिती मी जुन्या लोकांकडून आणि पशुवैद्यांकडून जमवली आहे. खाणे साधे: ज्वारी-बाजरीची भाकरी, मक्याची भरड, ताक, अंडे, जमेल तसे मांस. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. हिवाळ्यात पोते किंवा घोंगडी द्यावी, कारण अंगात चरबी नसल्याने थंडी त्याला बाधते. उन्हाळ्यात सावली आणि पाणी एवढे पुरते. गोचीड रोज बघावी. गोचीड ताप इकडे फार कुत्रे नेतो. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी चुकवू नयेत. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगावी, कारण अशा सडपातळ कुत्र्यांत भुलीच्या काही जुन्या औषधांचा अंमल लवकर उतरत नाही.

स्वभावाने तो मानी आहे. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. मारले तर शिकत नाही, मनात ठेवतो. साखळीला बांधून ठेवला तर एक तर भित्रा होतो किंवा चिडका. त्याला दिवसातून एकदा तरी मोकळे पळायला हवे, पण कुंपण असलेल्या जागेत. इंदापूरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला सांगितलेले वाक्य माझ्या लक्षात आहे: "चाचा, ह्याला इस्वास दावा, फोक दावू नका. फोक दावला की ह्यो तुमचा ऱ्हात नाय."

कुंपण का, तेही सांगतो. माळावर मोकाट सुटलेले कुत्रे आता चिंकाऱ्यांच्या मागे लागतात आणि डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांपर्यंत नेतात. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच रंगाचे काही लांडगे काही वर्षांपूर्वी दिसले होते. २०२३ मध्ये संशोधकांनी त्यांचा जनुकीय पुरावा प्रसिद्ध केला: लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. हा संकर वाढला तर माळावरचा खरा लांडगाच हरवेल. म्हणून कारवान जपायचा असेल तर त्याला माळावर मोकाट सोडून जपता येणार नाही. पिल्ले नको असतील तर नसबंदी करावी, आणि पिल्ले घ्यायचीच तर जवळच्या रक्तात घेऊ नयेत.

राहिला प्रश्न नावाचा. कर्नाटकने मुधोळ नावावर हक्क सांगितला म्हणून महाराष्ट्रात काही जण चिडतात, कुत्रा आमचा म्हणतात. मला त्या भांडणात रस नाही. कारवान म्हणा, पश्मी म्हणा, मुधोळ म्हणा. पण देशी कुत्र्याच्या जतनाची योजना निघते, लष्करासाठी पैदास होते, पिल्लाची किंमत हजारांत जाते, तेव्हा कुत्रा हाताळण्याचे आणि पैदाशीचे काम पहिल्यांदा ज्यांना यायला हवे ते पारधी, वडार, बेरड, धनगर त्या यादीत कुठे आहेत, हे विचारले पाहिजे. डोळ्यांत बघून पिल्लू ओळखण्याची विद्या त्यांच्या म्हाताऱ्यांकडे अजून आहे. वन खात्याच्या सफारीला वाटाड्या हवा असतो, संशोधन केंद्राला हाताळणारा हवा असतो. ती नोकरी पालावरच्या पोराला मिळाली, तर या कुत्र्याचे देणे थोडे तरी फिटेल.